लातूरहून स्कूबाला जायचं तर कुठं? मालवण, नेत्राणी आणि अंदमान, तिन्हीचा अनुभव

मागच्या महिन्यात अंदमानचे फोटो स्टेटसला ठेवले तेव्हापासून फोन थांबेनात. ताई मालवणला किती घेतात, पोहता येत नसलं तर चालतं का, बायकांना काय घालायला लावतात, लेकराला नेलं तर काय. एकेकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मी लातूरची, बँकेत नोकरी, वय ४१, आणि तीन वर्षांत तीन ठिकाणी स्कूबा, म्हणजे पाठीवर सिलेंडर लावून त्यातून श्वास घेत समुद्राखाली जाणं, करून आले. सगळीकडं स्वतःचे पैसे भरून गेले, कुणी फुकट नेलं नाही, म्हणून जे आहे तेच लिहिते.

आधी मुद्द्याचं. आपण एवढ्या लांबून रात्रभर गाडी चालवून जातो, तर जागा कुठली भारी आणि स्वस्त कोण देतं हे नंतर, पहिला प्रश्न हा विचारायचा की पाण्यात उतरवायच्या आधी तुम्ही किती वेळ शिकवणार. माझा सगळ्यात वाईट अनुभव आणि डोळ्यात पाणी यावं इतका चांगला अनुभव, हे दोन्ही मालवणलाच आले, एका दिवसाच्या अंतरानं. समुद्र तोच, शिकवणारी माणसं तेवढी वेगळी.

पोहण्याचं म्हणाल तर आमच्या गावाकडं पोरं विहिरीत शिकायची, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून थोरला भाऊ ढकलून द्यायचा. आम्हा पोरींना काठावर कपडे सांभाळायला बसवायचे. पुढं तर विहिरीच आटल्या, पोरांचंही शिकणं बंद झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता, त्याला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली मी. जानेवारी २०२३ ला मालवणला निघालो आणि पहाटे मिरज लागलं तेव्हा गाडीत सगळे थोडा वेळ गप्प होते.

रस्ता सांगते. नागपूर-रत्नागिरी महामार्गानं औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग घाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. साधारण ५०० किलोमीटर होतं. आम्ही रात्री नऊला धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून निघालो होतो. एक चूक केली ती तुम्ही करू नका, रात्रभराच्या जागरणानंतर त्याच दिवशी पाण्यात उतरलो. एक दिवस मुक्काम करा, झोपा, मग जा.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उतरलो की लगेच पाचसहा जण भोवती जमले. त्यातल्या एकाशी माणशी १५०० ला ठरवलं, फोटो व्हिडिओ धरून. नाव लिहीत नाही. बोटीत आम्ही १४ जण, शिकवणं पाच मिनिटांत उरकलं, तेही इंजिनाच्या आवाजात, मागं बसलेल्यांना काहीच ऐकू आलं नाही. तब्येतीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, तर म्हणाले चालतंय की, त्यालाही उतरवतो. मी नाही म्हटलं म्हणून वाचलं, कारण नंतर कळलं की स्कूबाला निदान १० वर्षं पूर्ण लागतात. लाईफ जॅकेट अर्ध्या लोकांच्या अंगात, अर्धी बोटीच्या कोपऱ्यात पडलेली. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, ही बातमी मला ठाऊक होती तरी मी त्या बोटीत बसले, याचं मला आजही वाईट वाटतं. जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट हलू देऊ नका, भांडा लागलं तर.

पाण्यात गेल्यावर मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं, कान असे दुखले की डोक्यात कुणी खिळा ठोकतंय, आणि त्या पोरानं मला सिलेंडरला धरून तसंच खाली दाबलं. एका खडकावर उभं केलं, हातात ब्रेडचा तुकडा दिला, मासे आले, व्हिडिओ झाला, वर. दहा मिनिटं. पाय ज्याच्यावर ठेवले होते ते प्रवाळ होतं हे मला व्हिडिओ बघताना समजलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत असते ती, वर्षाला बोटभर वाढली तरी खूप, आणि एका टाचेनं मोडते. आणि ब्रेड हे काय माशांचं खाणं आहे का. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं, आणि त्यात उभं राहून आपण ब्रेड वाटायलोत.

संध्याकाळी लॉजवर मी म्हटलं, आता मला पुन्हा नको. आमचे हे म्हणाले, एवढ्या लांबून आलोय तर एकदा नीट ठिकाणी विचारून बघू. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, फोन करून वेळ घेतली. किनाऱ्यावरच्यापेक्षा पैसे जास्त पडले. पण फरक दारातच कळला. आधी एक फॉर्म भरायला दिला, दमा आहे का, हृदयाचं काही, कानाचं ऑपरेशन, सायनस, बीपीच्या गोळ्या, बाई गरोदर आहे का, सगळं. माझ्या धाकट्या दिरांना दम्याचा त्रास, त्यांना सरळ सांगितलं की डॉक्टरचं पत्र आणा, त्याशिवाय नाही. त्यांना राग आला, मला मात्र तिथंच भरवसा बसला.

मग पूलमध्ये शिकवणं. सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच दाबून भरलेली असते, हे आम्हा चौघांनाही पहिल्यांदा कळलं. श्वास फक्त तोंडानं आणि कधीही अडवून धरायचा नाही, कारण वर येताना दाब कमी होतो तशी छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते, हा सगळ्यात मोठा नियम. अंगठा वर केला की आपल्याकडं झकास म्हणतात, पाण्यात त्याचा अर्थ मला वर न्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. ही एक खूण चुकली तर चांगली चाललेली डाइव्ह तिथंच संपते. आणि मिशीवाल्यांसाठी, मिशीमुळं मास्क ओठावर नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं, ह्यांनी त्याच रात्री मिशी बारीक केली. बायकांनी केस घट्ट बांधून मागं घ्यायचे, एक बट जरी मास्कखाली आली तरी पाणी आत. कपड्यांचं विचारणाऱ्यांना सांगते, आत लेगिंग आणि टीशर्ट घाला, वरून वेटसूट गळ्यापासून पायापर्यंत असतो, अंग कुठं उघडं पडत नाही. माझ्या नणंदबाई साडीशिवाय दुसरं काही घालत नाहीत, त्याही उतरल्या.

समुद्रात उतरल्यावर तीन मीटरवर पुन्हा कान दुखायला लागले. मी हात हलवला. तो इन्स्ट्रक्टर मालवणचाच, कोळ्याच्या घरातला, निघतानाच म्हणाला होता, "घाई नको वहिनी, दर्या खंय पळान जाणा नाय." त्यानं मला दोरीपाशी थांबवलं, माझ्या डोळ्यासमोर स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं, हलकेच नाकात हवा दाबायची. मी केलं, झालं नाही. मग त्यानं मला वीतभर वर घेतलं. पुन्हा नाक दाबलं. उजव्या कानात टक्क आवाज झाला, मग डाव्या, आणि दुखणं कुणी हातानं काढून घ्यावं तसं गेलं. वीतभर वर, मग हातभर खाली, असं करत करत आम्ही सहा मीटर गेलो. दर १० मीटरला हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब अंगावर चढतो आणि कानाला त्याची सवय करून द्यावी लागते, हे गणित त्यानं पूलमध्ये सांगितलेलं, पण कळलं ते त्या वीतभरात. आदल्या दिवशीचा तो पोरगा हे दोन मिनिटं करू शकला नसता का?

खाली काय दिसतं ते सांगते. मालवणला पाणी अंदमानसारखं काचेसारखं नसतं, आम्हाला पाचसहा मीटरपर्यंत दिसलं. सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक आहेत, महाराजांनी १६६४ ला ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं त्याला या खडकांचाच पहारा होता, वाट माहीत नसलेलं गलबत आपटून फुटायचं. त्याच जातीच्या खडकांवर आज प्रवाळ धरलंय, पिवळ्या काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे थव्यानं फिरतात, फटीतून एक वाम डोकं काढून तोंड उघडमिट करत होती. किल्ला आधी बघा आणि मग डाइव्ह करा, उलटं नको. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूकडं खारं पाणी आणि आत गोड, तिथं माझ्या सासूबाई बराच वेळ कठड्याला हात लावून उभ्या होत्या.

मालवणच्या थोडं खाली निवतीचे खडक आहेत, वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या बाजूला. तिथं पाणी जास्त खोल आणि जास्त स्वच्छ, पण नवख्यानं पहिल्यांदा जाऊ नये, ओढ असते पाण्याला. नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका तिथं समुद्राखाली ठेवून डाइव्हिंगसाठी वापरायचा सरकारचा प्रकल्प आहे. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक आहे, समुद्राच्या पोटातलं प्रवाळाचं पठार, त्याचा माथाच पाण्याखाली २० मीटरवर. ते आपल्यासारख्यांचं सहज जायचं ठिकाण नव्हे, पण आपल्या महाराष्ट्रासमोर असं काही आहे हे माहीत तरी असावं.

नेत्राणी. मला विचाराल तर आपल्या भागातल्या माणसाला पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त समाधान इथं मिळतं. कर्नाटकात मुरुडेश्वरच्या समोर, किनाऱ्यापासून १९ किलोमीटरवर हे बेट. लातूरहून सोलापूर, विजापूर, हुबळी आणि मग घाट उतरून किनारा. डिसेंबर २०२३ ला गेलो, मुलगा तेव्हा १० पूर्ण होता, त्याची पहिली डाइव्ह इथली. बोट दीड तास जाते आणि शंकराची ती १२३ फुटी मूर्ती बराच वेळ मागं दिसत राहते, लहान लहान होत जाते. बोट हलते मात्र भरपूर. माझ्या दिरांचं (डॉक्टरचं पत्र घेऊन आलेले यावेळी) पोट अर्ध्या रस्त्यातच ढवळलं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी आधीच घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि सकाळी तेलकट खाऊ नये.

नेत्राणीला पाणी निळं. पंधरा मीटरवरचा मासा दिसतो. मी मालवणनंतर तीन महिने रोज सकाळी पोहायला शिकले होते त्यामुळं यावेळी भीती नव्हती, आणि भीती नसली की कान उघडतात. समुद्र शांत असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही हो. सारखा बारीक तडतड आवाज येतो, खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा, ते छोटे झिंगे असतात, नांगी मिटतात त्याचा आवाज. आणि मग एक पोपटमासा आला, हिरवा निळा, माझ्यापासून चार हातांवर, आणि खडकाला तोंड लावून खरवडायला लागला. कटर कटर. रात्री गोठ्यात बैल कडबा चावतो ना, अगदी तोच आवाज. माझ्या वडिलांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत मी लहानपणी झोपायचे, तो आवाज ऐकत झोप लागायची. बारा मीटर पाण्याखाली, कर्नाटकातल्या बेटाजवळ मला तो पुन्हा ऐकू आला. हा मासा खडकावरचं शेवाळ खातो, सोबत प्रवाळाचा चुराही पोटात जातो आणि तो वाळू होऊन बाहेर पडतो, आपण ज्या पांढऱ्या वाळूत बसतो तिच्यात त्याचाही वाटा असतो असं इन्स्ट्रक्टरनं सांगितलं.

तिथली मंडळी कडक होती, बोटीवर मोजून माणसं, एका नवख्यामागं एक इन्स्ट्रक्टर, हात लावायचा नाही, खायला टाकायचं नाही. मुलाला कान मोकळा होईना तर त्याला पाच मीटरपेक्षा खाली नेलंच नाही, ह्यांनी थोडी कुरकुर केली पण ते ऐकले नाहीत, आणि बरोबर केलं. एकच गैरसोय, बोटीवर बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता. टॉवेल नको, सोबत मोठा गाऊन ठेवा, वरून घालून आत बदलता येतं.

अंदमानला मी खास ओपन वॉटर कोर्स करायला गेले. आपल्याला हैदराबादहून विमान सोपं पडतं, श्री विजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, तिथून फेरीनं स्वराज द्वीप, सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. कोर्सला पोहणं यावंच लागतं, २०० मीटर न थांबता आणि १० मिनिटं नुसतं तरंगायचं. अभ्यास, परीक्षा आणि चार डाइव्ह, मग १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळतं आणि ते सगळीकडं चालतं. खर्च मोठा आहे, मी दोन दिवाळ्यांचा बोनस बाजूला ठेवला होता. ज्यांना एकदाच अनुभव घ्यायचाय त्यांनी नेमो रीफवर करावं, किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात जाता येतं, बोट लागणाऱ्यांसाठी तर हेच बरं. तिथं समुद्रफुलाच्या बोटांमध्ये केशरी क्लाउनफिश घर करून असतात. हाताएवढासुद्धा नसतो, पण आपण जवळ गेलो की पळत नाही, घराच्या पुढं येऊन उभा राहतो.

लाईटहाऊस नावाच्या जागेवर माझी शेवटची डाइव्ह होती. माझ्या मनगटाला तुळजापूरचा लाल दोरा होता, निघायच्या आधी आईनं बांधलेला. १५ मीटरवर हाताकडं बघितलं तर दोरा लाल नव्हताच, मळकट करडा. घाबरले मी क्षणभर. इन्स्ट्रक्टर मॅडमनी टॉर्च लावला आणि प्रकाश पडला तेवढ्या जागेत दोरा भडक लाल, टॉर्च हटवला की पुन्हा करडा. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग आधी गिळतं, निळा सगळ्यात शेवटी, म्हणून खाली सगळं निळं दिसतं. मला त्यांनी हे आधी सांगितलं नव्हतं, मुद्दाम, बघू दिलं आधी. अशा शिकवणाऱ्या माणसासाठी मी पुन्हा इतके पैसे देईन. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही नावं तिथं फार ऐकाल, ती खोल आहेत, आधी पुढचा कोर्स करा.

एक गोष्ट इथं सगळ्यात महत्त्वाची. डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, वर गेलो की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८, मी तर पूर्ण एक दिवस सोडला आणि सेल्युलर जेल त्या दिवसासाठी ठेवलं. गाडीनं जाणाऱ्यांनीही लक्षात घ्या, मालवण असो की नेत्राणी, परतताना घाट चढावाच लागतो आणि आपलं लातूरही ५०० मीटरच्या वर आहे. खोल डाइव्ह केली असेल तर ती रात्र खालीच काढा, दुसऱ्या दिवशी निघा.

पावसाळ्यात कोकणात हे सगळं बंद असतं, मेच्या शेवटी शेवटी समुद्र खवळायला लागतो, कुणी चला म्हटलं तरी जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मालवण, पण पूलमध्ये शिकवणाऱ्याकडंच. आवडलं तर पोहायला शिका आणि नेत्राणी. अंदमान त्यानंतर, तोवर तिथं काय बघायचं हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

मुलगा आता १२ चा आहे, ज्युनियर कोर्स करता येतो त्याला. पहाटे साडेपाचला पोहायला जातोय, न उठवता. यंदा डिसेंबरात पुन्हा नेत्राणीला निघायचं ठरलंय, लातूरहून गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कुणाला यायचं असेल तर आत्ताच पोहायला लागा आणि मला कळवा.